आधी वारा कुठून येतोय ते ठरवा: पाण्यावरचे चित्रपट काढणाऱ्यांना खुले पत्र

दिग्दर्शक, निर्माते, छायाचित्रणकार, संकलक आणि व्हीएफएक्स करणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही जण शिडाच्या होड्या चालवतो, शर्यतीच्या होड्या वल्हवतो आणि इतरांना ते शिकवतो. चित्रपट आम्हालाही आवडतात. पाण्यावरचा चित्रपट आला की पहिल्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्यांत आम्ही असतो, आणि मध्यंतरापर्यंत आजूबाजूचे प्रेक्षक आमच्या कुजबुजीला कंटाळलेले असतात. तीच कुजबुज आता उघड मांडतोय. कारण जाहिरातीत ‘खऱ्या समुद्रात चित्रित’ असं ठळक छापायचं आणि पडद्यावर इंजिनावर चाललेली होडी शिडावर चालल्याची बतावणी करायची, हे अंगवळणी पडत चाललंय. तलवारबाजीसाठी तुम्ही उस्ताद आणता, घोड्यांसाठी जाणकार आणता, शस्त्रक्रियेच्या दोन मिनिटांच्या दृश्यासाठी डॉक्टरला सेटवर बसवता. होडीच्या बाबतीत ज्याने होडी भाड्याने दिली तोच सल्लागार, आणि त्याचंही कुणी ऐकत नाही.

यात आमचं काय जातं, असं विचाराल. होडी शिकायला येणारी बहुतेक माणसं आधी चित्रपट पाहून आलेली असतात. दोर हाताला गुंडाळून धरायचा, छोट्या होडीत उभं राहून हात हलवायचे, बूमच्या (मुख्य शिडाच्या खालच्या कडेला असलेल्या आडव्या दांड्याच्या) वाटेत डोकं ठेवून गप्पा मारायच्या, हे सगळं ती तिथूनच उचलतात. पहिले काही दिवस शिकवण्यापेक्षा विसरायला लावण्यातच जातात.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार वाऱ्याची. तुमच्या पटकथेत वादळ असतं, पण वारा नसतो. शीड कुठल्या बाजूला, होडी कुणीकडे कलणार, माणसं कुठे बसणार, तुषार कुणाच्या तोंडावर उडणार, हे सगळं वाऱ्याच्या दिशेवरून ठरतं. ती एक गोष्ट कागदावर नसली की पुढे सगळंच चुकत जातं.

झेंड्याचंच घ्या. शिडं पुढच्या अंगाला टम्म फुगली आहेत, म्हणजे वारा मागून येतोय. मग डोलकाठीवरचा झेंडाही पुढेच उडायला हवा. तुमच्या चित्रपटात तो मागे फडफडतो आणि नायकाचे केसही मागे उडतात, जणू मंडळी मोटारसायकलवर निघाली आहेत. झेंडा सरळ मागे उडतोय याचा अर्थ वारा नाही किंवा तो समोरून आहे, आणि खाली इंजिन चालू आहे. संगणकावर शिडं एकाने आणि झेंडा दुसऱ्याने केला असेल तर एकाच जहाजावर दोन वारे वाहतात.

यात तुम्ही काय गमावता तेही पाहा. मागून १५ नॉटचा, म्हणजे ताशी १५ सागरी मैलांचा, वारा आहे आणि होडी ६ नॉटने चालली आहे. डेकवर जाणवणारा वारा उरतो फक्त ९ नॉट. ऊन उबदार वाटतं, हळू आवाजात बोललेलं ऐकू येतं, कुणी तरी सदरा काढून पडलेलंही असतं. आता तीच होडी वळवून वाऱ्याच्या दिशेने तिरकी घ्या. होडीचा वेग वाऱ्यात मिळतो आणि डेकवरचा वारा एकोणीस-वीस नॉटवर जातो. होडी कलते, दोऱ्या थरथरतात, पुढून पाणी उडतं, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. वारा तेवढाच आहे, आपण फक्त वळलो. मागून वारा घेऊन सुखाने चाललेले नवशिके नेमके इथेच फसतात: शीड कमी करायची वेळ कधीच टळून गेलेली असते आणि ते वळल्यावर कळतं. शांततेतून गोंधळात एका वळणात नेणारं इतकं आयतं नाट्य समोर असताना तुम्ही पंखे लावून बसता.

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. आजची चांगली शर्यतीची होडी वाऱ्याशी साधारण ४५ अंशांपर्यंत जाते, चौकोनी शिडांचं जुनं जहाज ६५ ते ७० अंशांच्या आत येत नाही. वाऱ्याकडच्या बंदरात पोचायचं तर नागमोडी जावं लागतं. पाठलागाचं सगळं गणित याच्यावर चालतं. वाऱ्याकडच्या बाजूला असलेलं जहाज गाठायचं की टाळायचं ते ठरवू शकतं, वाऱ्याखालचं, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूचं, नाही. पडद्यावर मात्र दोन जहाजं समोरासमोर एकमेकांवर चालून येतात आणि दोघांचीही शिडं पाठीमागच्या वाऱ्याने फुगलेली असतात!

संकलकांसाठी आणखी एक. एका शॉटमध्ये शीड डावीकडे, पुढच्यात उजवीकडे, मधे कुणी होडी वळवलेली नाही. दोन प्रसंग जुळावेत म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटवलं तर तेही लपत नाही. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर, दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळतात. तो उलट गुंडाळलेला दिसला की चोरी पकडली जाते. रात्रीचं दृश्य असेल तर दिवे चुगली करतात. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, हा नियम जगभर एकच आहे. आणि शिडावर चाललेल्या होडीने डोलकाठीवरचा पुढे दिसणारा पांढरा दिवा लावायचा नसतो. तो लावला म्हणजे इंजिन चालू आहे असं तुम्ही स्वतःच जाहीर केलं. चांगलं शूटिंग असलेल्या चित्रपटातही हा दिवा जळत असतो.

दुसरी तक्रार या इंजिनाचीच. चित्रीकरणाला इंजिन लागतं हे आम्हाला मान्य आहे. होडी दहा वेळा त्याच जागी आणायची तर शिडावर अख्खा दिवस जाईल. पण मग ते लपवा तरी. सुकाणूच्या मागे पाण्यावर उठणारा बुडबुड्यांचा सपाट पट्टा, मागच्या अंगाला थांबून थांबून पिचकारी मारणारं थंड करण्याचं पाणी, बूम मधोमध आणि शीड लोंबतंय तरी होडी झपाट्याने पुढे जातेय, हे लपत नाही. सगळ्यात जास्त चुगली करतो तो होडीचा ताठपणा. वारा बाजूने असला की होडी पंधरा-वीस अंश कललेलीच चालते. आतली माणसं भिंतीला टेकून उभी राहतात, स्वयंपाकाची शेगडी झुल्यावर टांगलेली असते, मेजावरचा पेला जागेवर राहत नाही. तुमच्या केबिनमध्ये नकाशा सपाट मेजावर निवांत पसरलेला असतो आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये बाहेर तुफान.

वेगाचंही तसंच. पाण्यात बसून चालणाऱ्या वजनदार होडीला लांबीनुसार मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवर ९ मीटर लांबी असेल तर ती साधारण सव्वासात नॉट, म्हणजे तासाला साडेतेरा किलोमीटर. हलक्या, पाण्यावर तरंगत सुटणाऱ्या होड्या याच्या खूप पुढे जातात, पण तुमच्या नायकाच्या जुन्या लाकडी होडीला ते जमणार नाही. हजार सागरी मैल ५ नॉटने कापायला २०० तास, म्हणजे आठ दिवसांहून जास्त लागतात. तुमची पात्रं तेवढ्यात एक रात्र आणि एक गाणं उरकून पलीकडे पोचतात. आणि ‘ताशी वीस नॉट’ हे वाक्य एकदाचं लिहिणं बंद करा. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, त्याच्या मागे पुन्हा ‘ताशी’ लागत नाही.

तिसरी तक्रार ताकदीची, आणि ती आम्हाला सगळ्यात जास्त खुपते, कारण इथे माणसं जखमी होतात. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वर्गाने वाढतो: वारा दुप्पट झाला की जोर चौपट. सुमारे ३७ चौरस मीटरच्या पुढच्या शिडाच्या दोरावर १० नॉटच्या वाऱ्यात पंचाहत्तर-ऐंशी किलोंचा ताण असतो, २० नॉटला तो ३०० किलोंच्या वर जातो. हे शीड तुमचा नायक एका हाताने ओढतो आणि दुसऱ्या हाताने नायिकेला सावरतो. खरा माणूस दोराचे तीन-चार वेढे विंचवर घेतो, बोटं ड्रमपासून लांब ठेवतो, हँडल फिरवतो, आणि सोडताना वेढ्यांवर तळहात दाबून दोर इंच-इंच सोडतो. ताणाखालचा दोर हाताला गुंडाळला आणि तो सुटला तर बोटं जातात. पडद्यावर मात्र मनगटाला दोर गुंडाळणं हेच शौर्याचं लक्षण.

बूमचं तर बोलायलाच नको. मागून वारा आहे, मुख्य शीड पूर्ण बाहेर सोडलेलं आहे, सुकाणू धरणाऱ्याचं लक्ष चुकलं आणि वारा शिडाच्या मागच्या कडेतून पलीकडच्या बाजूला शिरला. जाड ॲल्युमिनियमचा दांडा, त्यामागे अख्ख्या शिडाचा वारा, आणि तो एका क्षणात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतो. वाटेत डोकं आलं तर कवटी फुटते, माणूस पाण्यात फेकला जातो, आणि पडतो तो बहुधा शुद्धीवर नसतो. म्हणून बूमला पुढून प्रतिबंधक दोर बांधतात. मुद्दाम वळवायचं असेल तर आधी सगळ्यांना हाक देतात, शीड मधोमध ओढून घेतात, मग वळतात आणि पलीकडे सावकाश सोडतात. चित्रपटात बूम लागणं हा विनोद असतो. पाहुणा ‘ठक्’ करून पडतो, कपाळ चोळतो, सगळे हसतात.

चौथी तक्रार सुकाणूच्या चाकाची. वादळ आलं की कप्तान चाक गरागरा फिरवतो आणि मग सोडून देतो, ते आपोआप उलटं फिरत राहतं. खऱ्या वादळात सुकाणू धरणारा लाटेकडे बघत लहान लहान हालचाली करतो आणि चाक हातातून सुटू देत नाही. सुटलेल्या चाकाच्या आऱ्यांनी हात मोडतात. शिवाय हे चाक जहाजांवर आलंच अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी सुकाणूचा लांब दांडा असे, मोठ्या जहाजांवर त्याला जोडलेली उभी काठी असे आणि तिने सुकाणू मोजकेच अंश वळे. जहाज फिरवायचं काम मुख्यतः शिडांचं असायचं. तरी १४९२ सालच्या कोलंबसच्या जहाजावर तुम्ही चाक बसवून मोकळे होता.

इथे आमच्यातल्या अतिशहाण्यांचंही कान उपटणं भाग आहे. १९९७ च्या ‘टायटॅनिक’मध्ये हिमनग दिसल्यावर अधिकारी उजव्या बाजूची आज्ञा देतो आणि जहाज डावीकडे वळतं, म्हणून त्या दृश्याला हसणारे पुष्कळ भेटतात. पण ते दृश्य बरोबर आहे. १९१२ साली आज्ञा सुकाणूच्या दांड्याला उद्देशून दिली जाई. दांडा उजवीकडे म्हणजे जहाज डावीकडे. ही पद्धत १९३० च्या दशकात बदलली. म्हणजे नीट विचारून केलं की पडद्यावरही अचूक उतरतं. २००३ च्या ‘मास्टर अँड कमांडर’चं उदाहरण आहेच. त्याचं पुष्कळसं चित्रण टाकीत झालं, उरलेलं १९७० साली बांधलेल्या ‘रोझ’ या प्रतिकृतीवर, आणि तरी ते जहाज पाण्यात जड वाटतं, दोरांना ताण आहे असं वाटतं. पैसा भरपूर होता, पण नुसत्या पैशाने दोर ताठ होत नाहीत.

पाचवी तक्रार: जहाज वळवणं तुम्ही एका आरोळीत उरकता. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडातून वळवणं ही अनेक मिनिटांची आणि अनेक हातांची गोष्ट आहे. आधी जहाज जरा वाऱ्याखाली घेऊन वेग भरायचा. मग सुकाणू वळवायचं, पुढची तिकोनी शिडं सैल सोडायची, मागचं शीड वाऱ्याकडे ओढायचं, म्हणजे नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वाऱ्याकडे वळू लागते. शिडं फडफडायला लागतात, वेग मरत चाललेला असतो. वारा जवळजवळ नाकासमोर आला की मधल्या डोलकाठीची परभाणं (शिडं बांधलेले आडवे दांडे) एकदम फिरवायची. त्या वेळी ती पुढच्या शिडांच्या आडोशात असतात म्हणून हलकी फिरतात. पुढची शिडं मुद्दाम उलटी भरू द्यायची, ती नाळेला पलीकडे ढकलतात. नाळ वाऱ्यापलीकडे गेली की मग पुढचीही फिरवायची. आज्ञा काही क्षण लवकर किंवा उशिरा दिली तर जहाज वाऱ्यात तोंड खुपसून उभं राहतं आणि मागे सरकू लागतं. समोर खडक असताना हे घडलं तर? इतकं ताणलेलं दृश्य कुठलाही पटकथाकार सुचवू शकणार नाही. तिरक्या परभाणाच्या, तिकोनी शिडाच्या गलबताची तऱ्हा आणखी वेगळी. परभाण डोलकाठीच्या पलीकडे न्यावं लागत असल्याने ते बहुधा वाऱ्याला पाठ देऊनच वळवतात. तुमच्याकडे मात्र दोन्ही जहाजं सारखीच, स्टिअरिंग फिरवल्यागत वळतात.

वादळात सगळी शिडं चढवून हसणारा कप्तानही आता पुरे. शीड कमी करावं का, असा विचार मनात आला की लगेच कमी करायचं, हे प्रत्येक नाखवा जाणतो. आणि वादळात होडी थांबवताही येते: पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला धरून ठेवायचं, मुख्य शीड आखडून ठेवायचं, सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या बाजूला बांधायचा. दोन्ही शिडं एकमेकांशी भांडत राहतात आणि होडी एक-दोन नॉटने आडवी सरकत स्वस्थ पडते. वाऱ्याकडच्या बाजूला तिचा गुळगुळीत माग पडतो आणि त्यात लाटांचा जोर मोडतो. बाहेर वादळ चालूच असतं, आत माणूस झोपू शकतो. हे दृश्य आम्हाला पडद्यावर फार क्वचित दिसलंय.

आता वल्ह्यांकडे येतो. इथे तुमची अवस्था शिडांपेक्षा वाईट आहे, कारण वल्हवणं सोपं दिसतं.

आठ जणांची शर्यतीची होडी सतरा-अठरा मीटर लांब असते आणि स्पर्धेच्या नियमाने तिचं किमान वजन ९६ किलो. २००० मीटर अंतर वरच्या दर्जाचा पुरुषांचा संघ साडेपाच मिनिटांच्या आसपास कापतो. मिनिटाला ३६ ते ४० ओढी, सुरुवातीला त्याहून जास्त, आणि एका ओढीत होडी नऊ मीटरच्या आसपास पुढे जाते. ओढ सुरू होते पायांनी. वल्ह्याचं पात पाण्यात बसल्यावर आधी पाय ढकलायचे, हात तोपर्यंत सरळ. मग पाठ उघडायची. शेवटी हात छातीकडे. परत येताना नेमकं उलट: हात, मग पाठ, मग गुडघे. तुमचे नट सुरुवातीलाच कोपर वाकवून बाहू फुगवतात. पडद्यावर छान दिसतं, पण तसं वल्हवलं तर माणूस पाचशे मीटरमध्ये संपतो.

पात पाण्यात जेमतेम झाकलं जाईल इतकंच जातं. बाहेर आलं की आडवं फिरवतात, म्हणजे वाऱ्याला अडत नाही आणि लाटेत अडकत नाही. चुकीच्या कोनात पाण्यात शिरलं किंवा काढायला उशीर झाला तर पाणी त्याला धरून ठेवतं आणि वल्ह्याची मूठ पोटात घुसते. वेग जास्त असेल तर माणूस होडीबाहेर फेकला जातो. होडी किती चांगली चालली आहे ते मागे राहिलेले पाण्याचे भोवरे सांगतात: एकसारखे, ठरावीक अंतरावर. तुमच्या दृश्यांत भोवरेच नसतात, कारण होडी पाण्याखालच्या दोराने ओढलेली असते आणि वल्ही नुसती पाणी चाटत असतात. भार घेतलेलं वल्हं किंचित वाकतं. तुमचं वाकत नाही.

एक बारीक गोष्ट छायाचित्रणकारांसाठी. प्रत्येक ओढीसरशी होडी उसळी मारते असं तुम्ही दाखवता. प्रत्यक्षात पात पाण्यात बसल्याबरोबर होडीचा वेग सगळ्यात कमी होतो, आणि सगळ्यात जास्त होतो तो वल्ही हवेत असताना, कारण आठ शरीरं एकाच वेळी मागच्या टोकाकडे सरकतात आणि त्याच्या प्रतिक्रियेने होडी पुढे निसटते. तो निसटणारा क्षण टिपलात तर प्रेक्षकांना शर्यत अंगात जाणवेल. आवाजाचं काम करणाऱ्यांसाठीही हेच. चांगली होडी छपछप करत नाही. आठ वल्ही एकदम फिरल्याचा एक ठोका, सरकत्या आसनांची घरघर, तळाखालून जाणारे बुडबुडे, आणि कॉक्सचा, म्हणजे स्वतः न वल्हवता होडी हाकणाऱ्याचा, आवाज, एवढंच ऐकू येतं. तो कॉक्स ‘ओढा, ओढा’ ओरडत नसतो. तो होडी सरळ ठेवतो, किती मीटर उरले ते सांगतो, कुणाचं पात उशिरा पडतंय ते सांगतो, आणि प्रतिस्पर्धी कुठे आहेत तेही तोच सांगतो.

कारण वल्हवणारे उलटे बसलेले असतात, आणि हे तुम्ही दर वेळी विसरता. पुढे असलेल्या संघाला मागचे दिसतात. मागे पडलेल्यांना पुढचे दिसत नाहीत, मान वळवली तर लय मोडते. आंधळेपणाने, एका माणसाच्या शब्दावर विसंबून शेवटचे पाचशे मीटर जाणं हेच या खेळाचं नाट्य आहे. तुमचा नायक मात्र पुढच्या होडीतल्या खलनायकाकडे रोखून बघतो आणि वर दोघांत संवादही होतो. त्या क्षणी फुप्फुसात शब्दापुरती हवा नसते.

जुन्या काळातल्या शर्यतीत आजची कुऱ्हाडीच्या आकाराची पाती दाखवू नका, ती १९९१ नंतरची आहेत. सरकतं आसन १८७० च्या दशकात रुळलं, त्याआधीचे खेळाडू स्थिर फळीवर बसत.

आणि ती साखळदंडांतली गुलामांची नौका! १९५९ च्या ‘बेन-हर’पासून ढोल, चाबूक आणि मरेपर्यंत वाढवत नेलेला वेग हे चित्र प्रेक्षकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. रोमच्या आरमारातले वल्हेकरी सर्वसाधारणपणे स्वतंत्र, पगारी माणसं असत. अथेन्सच्या तीन रांगांच्या युद्धनौकेत १७० वल्हेकरी बसत, वरच्या रांगेत ६२, खालच्या दोन्हींत प्रत्येकी ५४, आणि ताल धरायला बासरीसारखं वाद्य वाजवणारा असे. साखळीने बांधलेले वल्हेकरी भूमध्य समुद्रात सर्रास दिसतात ते सोळाव्या-सतराव्या शतकात. १९८७ साली ‘ऑलिंपियास’ नावाची त्या ग्रीक नौकेची पूर्ण आकाराची प्रतिकृती पाण्यात उतरवली गेली. तिने थोड्या वेळापुरता नऊ नॉटच्या आसपास वेग गाठला, आणि तोही सरावलेल्या, खाऊनपिऊन धडधाकट माणसांच्या जोरावर. उपाशी, चाबकाने फोडलेल्या माणसाला आणखी १६९ जणांच्या लयीत वल्हवता येईल का, याचा विचार करा. एक वल्हं चुकलं की शेजारची दोन अडकतात.

शेवटची तक्रार बुडणाऱ्या माणसाची. नायक पाण्यात पडतो, मित्र हात देतो, एका हिसक्यात वर. ६ नॉटने चाललेली होडी सेकंदाला तीन मीटर जाते. एका मिनिटात पडलेला माणूस १८५ मीटर मागे राहतो आणि लाटांत त्याचं डोकं दिसेनासं होतं. म्हणून एका माणसाने दुसरं काहीही न करता त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं असतं. बाकीच्यांनी तरंगणारं जे हाताला लागेल ते टाकायचं, होडी लगेच वळवायची, इंजिन चालवलं असेल तर जवळ गेल्यावर त्याचा पाण्याखालचा पंखा थांबवायचा. पाणी थंड असेल तर पहिला मिनिटभर त्याचा श्वास ताब्यात नसतो, आणि दहा मिनिटांच्या आसपास हातपाय कामाचे राहत नाहीत. वर घेणं हे सगळ्यात अवघड. भिजलेल्या कपड्यांतला माणूस उंच कडेवरून हाताने ओढता येत नाही. बहुतेकदा शीड चढवायचा दोर त्याच्या पट्ट्याला अडकवून विंचने उचलावं लागतं. हे खरंखुरं दाखवलं असतं तर बघणाऱ्यांतल्या कुणाच्या तरी उपयोगाला आलं असतं.

नांगराबद्दल एकच ओळ: तो फेकत नाहीत. खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडून, मागे सरकत तो तळात रुतवतात.

आमच्या मागण्या अशा.

शिडाचं एकही दृश्य असेल तर शिडं जाणणारा, आणि वल्ह्यांचं असेल तर वल्हवणारा माणूस सेटवर ठेवा. श्रेयनामावलीत त्याचं नाव नसलं तरी चालेल, पण चुकीचा टेक थांबवण्याचा अधिकार त्याला द्या.

कंटिन्युइटीच्या वहीत प्रत्येक शॉटपुढे तीन रकाने वाढवा: वारा कुठून, शीड कुठल्या बाजूला, होडी किती कललेली. व्हीएफएक्सच्या टेबलावर हीच वही गेली पाहिजे. झेंडा, धूर, केस, फेस सगळं तिच्यावरूनच काढा.

इंजिनाचा माग आणि पिचकारी संपादनात पुसा, शीड लोंबत असेल तो शॉट काढून टाका.

नटांना वल्हवण्यासाठी काही आठवडे सलग पाण्यावर पाठवा, दोन दिवसांच्या फोटोसाठी नको. तेवढं जमत नसेल तर लांबचा शॉट खऱ्या खेळाडूंवर घ्या आणि जवळचा फक्त चेहऱ्याचा.

जुना काळ दाखवताना चाक, पाती, आसन आणि आज्ञा यांची सालं आधी तपासून घ्या. एका दुपारचं काम आहे.

आणि बूम डोक्याला लागण्यावरचा विनोद आजपासून बंद करा. तो प्रसंग हवाच असेल तर त्यानंतर काय होतं तेही दाखवा.

आपले,
शिडं आणि वल्ही हाताळणारे, शिकवणारे काही जण